पणजोबांची पलटण कशी शोधायची

"आमचे पणजोबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेले होते" हे वाक्य कोकणात, साताऱ्यात, कोल्हापूर-बेळगावकडे पुष्कळ घरांत ऐकायला मिळतं. कुठल्या पलटणीत होते, असं विचारलं की मात्र सगळे एकमेकांकडे बघतात. मग घरातला एखादा तरुण मोबाइलवर आडनाव टाकून बघतो, समोर शिंद्यांची नाहीतर जाधवांची रांग उभी राहते, आणि शोध तिथेच आटोपतो.

आडनाव धरून निघालं की हेच होणार. शंभर वर्षांपूर्वी पलटणीच्या वहीत माणूस ओळखला जायचा तो त्याचा नंबर, त्याचं नाव, बापाचं नाव आणि गाव यांवरून. आडनाव कधी लिहायचे, कधी नाही, आणि लिहिलं तरी लिहिणाऱ्या कारकुनाच्या कानाला जसं पडलं तसं. त्यामुळे शोधाला बसण्याआधी पलटणीचा आकडा आणि त्या काळातलं गाव-तालुका-जिल्हा एवढं हाताशी हवं. बाकीचं त्यामागून येतं.

दुसरी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. युद्धाच्या याद्या मेलेल्यांची नावं जपतात, परत आलेल्यांची नाही. जो माणूस परदेशात मेला तो लष्करी स्मारकांच्या नोंदीत सापडतो. जो घरी आला तो लष्कराच्या कागदांतून उतरून महसुलाच्या दप्तरात शिरतो. म्हणून पहिला प्रश्न घरच्यांना हाच विचारायचा: ते परत आले होते का? उत्तरावर पुढचा सगळा रस्ता ठरतो.

घरातली ट्रंक आधी

पदक असेल तर अर्धं काम झालं. पण ते ब्रासोनं घासून लख्ख करू नका. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण उमटवलेली असते, आणि वर्षानुवर्षांच्या घासण्यानं आधी तीच जाते. अंधाऱ्या खोलीत टॉर्च कडेला आडवा धरून पाहा, सावलीत अक्षरं उठतात. तेवढ्यानं जमलं नाही तर पातळ कागद कडेवर ताणून मऊ पेन्सिलीनं हलकेच घासा, ठसा मिळतो. तारेच्या आकाराचं पितळी रंगाचं पदक असेल (१९१४-१५ चं) तर मजकूर कडेवर नाही, मागच्या सपाट बाजूवर असतो.

धातूकडेही लक्ष द्या. पंचम जॉर्जचं डोकं आणि मागे घोडेस्वार असलेलं वॉर मेडल लढणाऱ्या शिपायाला चांदीचं मिळे. तेच पदक ब्राँझचं असेल तर तुमचे पणजोबा बहुधा मजूर तुकडीत किंवा फॉलोअर म्हणून गेले होते, म्हणजे खेचरवाले, भिस्ती, स्वयंपाकी, डोलीवाले वगैरे. घरात सांगताना ते 'सुभेदार' झालेले असतात, तो भाग वेगळा. पण ब्राँझचं पदक हा खरा पुरावा आहे, आणि शोध पायदळाच्या यादीत न करता लेबर कोअर, सप्लाय, ट्रान्सपोर्ट यांच्या यादीत करायला हवा हे तो सांगतो. चांदीची पदकं अडचणीच्या काळात सोनाराकडे गेली, म्हणून ती अनेक घरांत नाहीत. ब्राँझला कुणी विचारलं नाही, म्हणून ती उरली.

सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची जड ब्राँझची तबकडी, त्यावर हातात त्रिशूळ घेतलेली बाई आणि सिंह, असं काही घरात असेल तर ते पदक नव्हे. युद्धात मेलेल्याच्या वारसांना दिलेली ती स्मृतितबकडी आहे. त्यावर फक्त नाव असतं. हुद्दा, नंबर, पलटण काहीच नाही. ती मिळाली याचा अर्थ एकच: माणूस सेवेत किंवा सेवेमुळे गेला, आणि त्याचं नाव कुठल्यातरी अधिकृत यादीत आहे.

जुना फोटो असेल तर चेहऱ्याआधी खांदे बघा. पट्टीवर पितळी आकडे असतात. चांगल्या स्कॅनरवर १२०० डीपीआयला स्कॅन केलं तर '१०५' किंवा '११७' वाचता येतो. मोबाइलनं काढलेल्या फोटोच्या फोटोत तो कधीच दिसत नाही.

आणि गावात जाऊन यायचंच. चावडी, जुनी शाळा, देवळाची भिंत. महाराष्ट्रातल्या अनेक गावांत संगमरवरी पाटी आहे आणि तिचा मजकूर साधारण ठरलेला: या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. नावं बहुतेक नसतात. नुसता आकडा असला तरी तो पुढे फार उपयोगी पडतो, कसा ते खाली येईल.

आकड्यांचा घोळ

पहिल्या महायुद्धात मराठ्यांच्या पलटणी सहा होत्या: १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७. १९२२ साली सैन्याची फेररचना झाली आणि या सगळ्या मिळून एकच 'पाचवी मराठा लाइट इन्फंट्री' झाली. १०३ ची झाली १/५, १०५ ची २/५, ११० ची ३/५, ११६ ची ४/५, ११७ ची ५/५, आणि ११४ ही प्रशिक्षणाची १०/५. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या आजोबांच्या कागदावर '२/५' असं दिसतं तेव्हा ती पाचवी रेजिमेंट, दुसरी बटालियन. अपूर्णांकासारखं दिसतं म्हणून लोक तारीख समजून सोडून देतात.

घरात 'जंगी पलटण' हा शब्द ऐकू येत असेल तर तो १/५ चा. 'काली पाँचवीं' म्हणत असतील तर २/५, म्हणजे जुनी १०५. ३/५ स्वातंत्र्यानंतर पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली आणि २ पॅरा झाली, त्यामुळे तिचा इतिहास मराठा रेजिमेंटच्या सध्याच्या बटालियनींत शोधला तर हाती लागत नाही.

मराठा पलटणीत फक्त मराठे नव्हते, दख्खनी मुसलमानही होते. उलट महाराष्ट्रातला माणूस मराठा पलटणीतच असेल असंही नाही. १०७, १२१ आणि १२८ या पायोनियर (रस्ते-खंदक करत लढणाऱ्या) पलटणी, खडकीचे सॅपर्स (लष्करी इंजिनियर), खेचरांचे तांडे, रत्नागिरीकडून जहाजांवर गेलेले खलाशी ही सगळी वेगवेगळी दप्तरं. महार शिपायांची भरती १८९० च्या दशकात बंद केली गेली. १९१७ साली १११ महार ही पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. आजची महार रेजिमेंट १९४१ ची. त्यामुळे महार कुटुंबात 'खापरपणजोबा पलटणीत होते' अशी आठवण असेल तर बहुधा १८९० च्या आधीच्या मुंबई सैन्याच्या कागदांत जावं लागतं, आणि तिथे आडनावाऐवजी नावाच्या शेवटी 'नाक' शोधायचं. भीमा कोरेगावच्या स्तंभावर १८१८ च्या लढाईत मेलेल्यांची जी नावं कोरली आहेत त्यांतली महार शिपायांची नावं याच 'नाक'वरून ओळखता येतात.

नंबराबद्दल एक सावधगिरी. त्या काळी नंबर पलटणीपुरता असे. २४१७ नंबरचा शिपाई १०३ मध्येही असणार, ११० मध्येही आणि एखाद्या पंजाबी पलटणीतही. नुसता नंबर जुळला म्हणून माणूस जुळला असं होत नाही. नंबर आणि पलटण ही जोडी जुळली तरच.

जे परत आले नाहीत

इथे मुख्य साधन कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची, म्हणजे दोन्ही महायुद्धांतल्या मृतांची थडगी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेची, वेबसाइट. फुकट आहे. प्रत्येक नोंदीत नंबर, हुद्दा, पलटण, मृत्यूची तारीख, स्मारकाचं नाव असतं, आणि बऱ्याच भारतीय नोंदींत 'अतिरिक्त माहिती' या रकान्यात बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा दिलेला असतो. हाच रकाना सोन्याचा. प्रगत शोधात जाऊन नावाची जागा कोरी ठेवा, सैन्य 'भारतीय' निवडा, आणि अतिरिक्त माहितीत गावाचं नाव टाका. आलेली यादी उतरवून घ्या. ती चावडीवरच्या पाटीशी ताडून पाहा. पाटीवर आठ मृत आणि यादीत तीनच सापडले, तर पाच जण वेगळ्या स्पेलिंगखाली दडले आहेत किंवा यादीत आलेच नाहीत.

स्पेलिंग हा इथला सगळ्यात मोठा काटा. पवारचं पोवार, पुआर, जाधवचं जादव, जादो, मोऱ्यांचं मोरी, सावंतचं सावुंत. विठोबा तिथे विठू असतो, रामजी नुसता रामा, तुकाराम तुका. आडनाव आणि नाव यांची अदलाबदल झालेली असते, किंवा बापाचं नावच आडनावाच्या जागी बसलेलं असतं. गावाचंही तसंच. इंग्रज कारकुनानं ऐकून लिहिलेलं गाव पुढे दुसऱ्या कारकुनानं नकलून घेतलं, आणि छापखान्यात तिसऱ्यानं खिळे जुळवले. म्हणून गावाच्या नावाची पहिली तीन-चार अक्षरंच टाका, किंवा गाव सोडून तालुका आणि पलटण एवढ्यावर शोधा आणि यादी डोळ्यांनी वाचा. कंटाळवाणं काम आहे, पण संगणकाला जे 'सापडलं नाही' ते माणसाला मोठ्यानं वाचताना सापडतं. यादी खरोखर मोठ्यानं वाचा. जी गावाची नावं डोळ्यांना परकी वाटतात ती कानाला ओळखीची निघतात.

जिल्हा त्या काळातला टाका. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ चा, त्याआधी तो रत्नागिरीतच होता. रायगड म्हणजे तेव्हाचा कुलाबा. सांगली जिल्ह्यातले तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके साताऱ्यात. जळगाव म्हणजे पूर्व खानदेश, धुळे म्हणजे पश्चिम खानदेश. आणि कोल्हापूर, सावंतवाडी, भोर, फलटण, औंध, जत ही संस्थानं होती, त्यामुळे जिल्ह्याच्या जागी संस्थानाचं नाव येतं. पणजोबा सावंतवाडीचे आणि तुम्ही 'सिंधुदुर्ग' टाकून बसलात तर आयुष्यभर काही येणार नाही.

नोंद मिळाली की स्मारकाचं नाव बघा, त्यावरून माणूस कुठल्या आघाडीवर होता ते कळतं. फ्रान्समधल्या नव शापेलच्या स्मारकावर थडगं नसलेल्या ४,७०० हून जास्त भारतीयांची नोंद आहे. सिनाई-पॅलेस्टाइनमधले भारतीय आधी सुएझजवळच्या पोर्ट तौफिकच्या स्मारकावर होते. अरब-इस्रायल युद्धात ते उद्ध्वस्त झालं, आणि आता ती नोंद कैरोच्या हेलिओपोलिसमध्ये आहे. खलाश्यांसाठी मुंबईत मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये स्मारक आहे. तिथे जायला पासपोर्ट लागत नाही, आणि कोकणातल्या मुसलमान आणि भंडारी-खारवी घरांनी तिथूनच सुरुवात केलेली बरी.

मराठा पलटणींच्या बाबतीत मात्र बहुतेक वेळा नाव येतं ते बसऱ्याच्या स्मारकाचं. मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) मेलेल्या ४० हजारांहून जास्त माणसांचं ते स्मारक. त्याच्या फळ्यांवर गोऱ्या सैनिकांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली आहेत. साध्या भारतीय शिपायांचा पलटणीखाली फक्त आकडा आहे. त्यांची नावं वेगळ्या नोंदवह्यांत गेली. म्हणून कुणी बसऱ्याच्या फळ्यांचा फोटो मिळवून त्यात पणजोबांचं नाव शोधत असेल तर ते तिथे नसणारच. नोंदवहीच्या पानाची स्कॅन प्रत कमिशनच्या साइटवर नोंदीखाली जोडलेली असते, ती उतरवून ठेवा. टाइप केलेल्या नोंदीत गळालेला तालुका मूळ पानावर कधी कधी दिसतो.

मृत्यूची तारीखही वाचता यायला हवी. १०३, ११० आणि ११७ या तीन पलटणी जनरल टाउनशेंडच्या फौजेत होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादजवळ टेसिफॉनची लढाई, ७ डिसेंबरपासून कुत गावात या फौजेला तुर्कांचा वेढा, आणि २९ एप्रिल १९१६ ला तिची शरणागती. या तीनपैकी एखाद्या पलटणीतल्या शिपायाची मृत्यूची तारीख २९ एप्रिलनंतरची असेल, तर तो लढाईत पडण्यापेक्षा तुर्कांच्या कैदेत गेला असण्याची शक्यता जास्त. कैद्यांना बगदाद, मोसुल असं करत रास अल-ऐनकडे चालवत नेलं आणि रेल्वेच्या कामाला जुंपलं. अशा तारखा नेमक्या नसतात. कुणीतरी सुटून आलेल्या सोबत्यानं सांगितलेल्या, किंवा 'या तारखेनंतर बातमी नाही' म्हणून धरलेल्या. घरातली तिथी आणि नोंदीतली तारीख यांत वर्षभराचा फरक निघाला तर नोंद दुसऱ्याची आहे असं लगेच समजू नका. घरची तिथी बहुधा पत्र पोचल्याची असते.

काही दारं वाजवण्यात वेळ घालवू नये. पंजाबातल्या सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांच्या नोंदी लाहोरच्या संग्रहालयात सापडल्या आणि २०२१ पासून ऑनलाइन येऊ लागल्या, ती बातमी वाचून लोक हुरळतात. त्या फक्त पंजाबच्या आहेत. मुंबई इलाख्यासाठी तशी गाववार यादी नाही. तसंच, १९४० च्या बाँबफेकीत लंडनमध्ये जे सैनिकांचे कागद जळाले ते ब्रिटिश सैन्याचे. 'आमचे कागद जळाले' असं म्हणून शोध सोडायचं कारण नाही. आणि पलटणींच्या युद्ध दैनंदिन्या लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये 'डब्ल्यूओ ९५' या मालिकेत आहेत खऱ्या, पण त्यांत गोऱ्या अधिकाऱ्यांची नावं असतात आणि आपल्या माणसांचा आकडा: आज इतके ठार, इतके जखमी. नावासाठी त्या उघडू नका. तारीख हाती असेल तर त्या दिवशी पलटण कुठे होती हे बघायला मात्र त्यांच्यासारखं दुसरं काही नाही.

शौर्यपदकाची घरात चर्चा असेल तर लंडन गॅझेट, म्हणजे ब्रिटिश सरकारचं राजपत्र, ऑनलाइन फुकट आहे. आयडीएसएम (इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल) किंवा आयओएम (इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट) मिळालेल्यांपैकी काहींचं नाव, नंबर, हुद्दा, पलटण त्यात सापडते. इथे शोध नावानं न करता नंबरानं करा, कारण छापील पानांवरून यंत्रानं वाचलेली भारतीय नावं अक्षरशः चिरडलेली असतात.

जे परत आले

यांच्यासाठी बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहिता येतं, पण अपेक्षा माफक ठेवा. सैनिकाची सविस्तर माहिती 'शीट रोल'मध्ये असते आणि तो ठरावीक मुदतीनंतर नष्ट केला जातो. जपला जातो तो 'लाँग रोल', म्हणजे माणसामागे एक ओळ. दुसऱ्या महायुद्धातल्या आजोबांसाठी ती ओळ मिळू शकते. पहिल्या महायुद्धासाठी पत्राचं उत्तर बहुधा नकारार्थी येतं. पत्रात नंबर, हुद्दा, नाव, बटालियन, गाव एवढंच लिहा. तीन पानी कौटुंबिक इतिहास लिहिला तर कारकुनाला नंबर शोधावा लागतो, आणि तो शोधत नाही.

त्याऐवजी तहसील कार्यालयाचा अभिलेख कक्ष. तिथे तीन गोष्टी मागायच्या. गाव नमुना ६, म्हणजे फेरफार. गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, जिला सगळे कोतवाल बुक म्हणतात. आणि जुनं हक्क नोंदणी पत्रक. शिवाय प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टर, त्यात मुलाच्या नावापुढे बापाचा धंदा 'नोकरी, पलटण' असा लिहिलेला मिळू शकतो.

फेरफारात काय बघायचं? वारस नोंद. खातेदार मयत, वारस अमुक, अशा नोंदीत मृत्यूची तारीख आणि सगळ्या मुलांची नावं एकत्र येतात. लढाईत मेलेल्याची वारस नोंद मृत्यूच्या वर्षी शोधू नका. बातमी उशिरा आली, मग पेन्शनचे कागद, मग भाऊबंदांत बोलणं, आणि नोंद दोन-चार वर्षांनी. १९१६ चा मृत्यू १९२० च्या फेरफारात सापडला तर नवल नाही. परतलेल्यांपैकी काहींना 'जंगी इनाम' मिळालं. तो शब्द कुठे दिसला तर पणजोबांचं सैनिक असणं कागदावर सिद्ध झालं असं समजा.

कोतवाल बुकाची अडचण वेगळी. जन्माच्या नोंदीत मुलाचं नाव बहुतेक नसतं. बारसं व्हायच्या आधीच नोंद झालेली असते, त्यामुळे बापाचं नाव आणि पुढे 'मुलगा' एवढंच. एका बापाला चार मुलगे असतील तर कुठला कोणता हे भावंडांच्या वयावरून जुळवावं लागतं. मृत्यूच्या नोंदीत नाव, वय, जात, कारण असतं. वय पाच-पाच वर्षांनी इकडेतिकडे होतं. ४० आणि ५० ही वयं इतकी भेटतात की ती अंदाजानं सांगितली होती हे उघड आहे.

अर्ज करताना 'आमच्या कुटुंबाच्या सर्व नोंदी द्याव्यात' असं लिहिलं तर उत्तर ठरलेलं: अभिलेख आढळून येत नाही. गाव, नमुना आणि पाच वर्षांचा काळ लिहा, आणि आधी नक्कल न मागता पाहणी मागा. वही समोर आल्यावर पान क्रमांक आणि नोंद क्रमांक उतरवून घ्या, मग त्या पानाच्या खऱ्या नकलेसाठी दुसरा अर्ज. 'आढळून येत नाही' हे शेवटचं उत्तरही मानू नका. तालुके फुटले, नवे झाले, गावं एका तालुक्यातून दुसऱ्यात गेली, पण वह्या कधी कधी जुन्या तालुक्यातच राहिल्या. शेजारच्या तहसीलला तोच अर्ज द्या. 'आपले अभिलेख' या पोर्टलवर काही जिल्ह्यांचे जुने फेरफार स्कॅन करून ठेवले आहेत, आणि २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधमोहिमेत अनेक जिल्हा प्रशासनांनी कोतवाल बुकांची पानं साइटवर चढवली. ती मोहीम जातीच्या दाखल्यांसाठी होती. वंशावळ शोधणाऱ्याला ती फुकटात मिळालेली लॉटरी आहे. फक्त त्यात ज्या पानांवर 'कुणबी' लिहिलं होतं तीच पानं निवडलेली आहेत. तुमचं पान त्यात नसलं तरी वहीत असू शकतं.

ही पानं बहुतेक मोडीत. मोडी वाचणारा पैसे देऊन मिळतो, पण नावांपुरती मोडी महिन्याभरात येते आणि तेवढी यावीच. 'बिन' म्हणजे मुलगा: राणू बिन सुभाना. 'वलद' म्हणजेही तेच. 'कोम' म्हणजे बायको. 'मौजे' म्हणजे गाव. मोडी वाचकाला पान देताना घरातल्या माहीत असलेल्या नावांची यादी सोबत द्या. घाईत लिहिलेल्या मोडीत सारखी दिसणारी अक्षरं पुष्कळ, आणि संदर्भाशिवाय उत्तम वाचकही चुकतो. मात्र यादी दिली की तो हवं ते नाव वाचून टाकण्याचा धोकाही असतो, म्हणून महत्त्वाचं पान यादी न देता दुसऱ्याकडून एकदा वाचून घ्यावं.

दप्तराबाहेरच्या दोन वाटा. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गावावरून आणि कुळावरून शोध होतो, आणि तिथे आलेल्यानं स्वतः सांगितलेली तीन-चार पिढ्यांची नावं असतात. लढाईवरून पत्र आल्यावर घरचे तिथे क्रियाकर्माला गेले असतील तर त्या वर्षाचं पान बघाच. सांगली-कोल्हापूरकडे हेळवी घरोघर येऊन वंशावळ सांगतात. त्यांची पिढ्यांची साखळी भरवशाची असते, सन-सालं मात्र तपासून घ्यावीत.

त्याही मागे

पानिपत, खर्डा, आष्टी अशा लढायांपर्यंत जायचं तर पुण्याचं पेशवे दप्तर, कोल्हापूरचं पुरालेखागार आणि भारत इतिहास संशोधक मंडळ. इथे साधा शिपाई सापडणं फार कठीण. पथक्या आणि सरदारांचे हिशेब असतात, आणि ज्या कागदांत नावं उतरतात ते म्हणजे हजिरीपट (हजेरीच्या याद्या). त्याहून उपयोगी 'बालपरवेशी'ची प्रकरणं: लढाईत ठार झालेल्याच्या मुलाबाळांच्या पोटासाठी दिलेली नेमणूक. त्यात मेलेला कोण, कुठे पडला, मागे कोण, हे सगळं एका कागदावर येतं. तुमच्या घराकडे इनाम जमिनीचा जुना उल्लेख असेल तरच या वाटेला जा, नाहीतर पेशवे दप्तरातले हजारो रुमाल (कागदांची गाठोडी) तुम्हाला गिळून टाकतील.

तिथल्या तारखा अरबी शब्दांत. 'इहिदे सितैन मया व अलफ' असं दिसलं तर घाबरायचं नाही, नुसती बेरीज करायची: इहिदे १, सितैन ६०, मया १००, अलफ १०००, म्हणजे सुहूर सन ११६१. हे साल मृगाला, जूनच्या आसपास सुरू होतं. जून ते डिसेंबरमधल्या कागदासाठी ५९९ मिळवा, जानेवारी ते मे साठी ६००. म्हणजे जून १७६० ते मे १७६१. १४ जानेवारी १७६१ चं पानिपत याच सालात बसतं. मिळवणी चुकली की माणूस लढाईच्या वर्षभर आधीच मेलेला निघतो आणि मग घराण्याच्या बखरीत नको त्या कथा शिरतात.

नाव कुठल्याच यादीत नसेल तर

परत पहिल्या महायुद्धाकडे. कॉमनवेल्थ कमिशनच्या स्वतःच्याच समितीनं २०२१ मध्ये मान्य केलं की मुख्यतः पूर्व आफ्रिका आणि इजिप्तमधल्या किमान १ लाख १६ हजार मृतांची नावं कुठेही कोरली गेली नाहीत, आणि हा आकडा साडेतीन लाखांपर्यंतही जाऊ शकतो. त्यामुळे 'यादीत नाही म्हणजे गेलेच नव्हते' हा निष्कर्ष काढू नका. नाव नव्यानं घालून घेता येतं.

त्यासाठी मृत्यू ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळातला हवा. दुसऱ्या महायुद्धासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. सेवेत असताना मृत्यू झाला असेल तर कारण कुठलंही चालतं. १९१८ च्या साथीत तापानं गेलेला, सुट्टीवर घरी आलेला शिपाईही त्यात बसतो. सैन्यातून नाव कमी होऊन घरी आल्यानंतर वारला असेल तर मृत्यू सेवेतल्या जखमेमुळे किंवा आजारामुळे झाला हे दाखवावं लागतं.

म्हणजे कागद दोन लागतात. तो सैन्यात होता याचा एक: पदकाच्या कडेवरचा नंबर, डिस्चार्जचा कागद, पेन्शनचा किंवा जंगी इनामाचा उल्लेख. आणि मृत्यूचा एक, तारखेसकट. घरी वारलेल्या शिपायासाठी हा दुसरा कागद लंडनमध्ये नसतो, दिल्लीतही नसतो. तो असतो तुमच्या तहसीलच्या कपाटात, गाव नमुना १४ मध्ये. खरी नक्कल, मोडीचं लिप्यंतर, त्याचं इंग्रजी भाषांतर आणि पदकाच्या कडेचा स्पष्ट फोटो असं एकत्र करून कमिशनकडे पाठवा. दोन्ही कागदांत नावाचं स्पेलिंग वेगळं असेल तर ते सुधारून एकसारखं करू नका. जसं आहे तसं पाठवा आणि बापाचं नाव व गाव दोन्हीकडे सारखं आहे हे सोबतच्या पत्रात दाखवून द्या.